पासिंग झालं म्हणजे पाच वर्षं निर्धास्त? नाही!

साताऱ्यात जुनी येझदी, बुलेट विकताना हमखास सांगतात, "पासिंग झालंय, पाच वर्षं बघायला नको." हे चूक आहे. १५ वर्षांनंतर आरटीओत गाडी तपासून, म्हणजेच पासिंग करून, नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते. तपासणी मात्र त्या दिवसाच्या अवस्थेची असते. दिवे, हॉर्न, ब्रेक, चासी नंबर बघतात, पण चाकातला ब्रेकचा ड्रम उघडून आतला लायनर (घासून चाक थांबवणारी पट्टी) किती उरलाय ते बघत नाहीत. यवतेश्वर घाट उतरताना झिजलेला लायनर तापला की ब्रेक लागेनासा होतो. टायरचंही तेच. नक्षी शाबूत दिसते, पण बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होतं, पावसात पकड सोडतं. पैसे देण्याआधी मेकॅनिककडून दोन्ही चाकं उघडून बघाच.