मोटारसायकलच्या दिव्यांची उजेडवाढ

रात्री रस्ता अधिक लांबवर आणि अधिक रुंद दिसावा, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, यासाठी दुचाकीचा हेडलाइट, पायलट दिवे (साइडलाइट) आणि त्यांना वीज पोचवणारे वायरिंग यांत केलेला बदल. गॅरेजच्या बोलीत याला ‘लाइट वाढवणे’ म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यांची अट त्या बोलीतल्या शब्दात येत नाही आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कोल्हापूर शहरात दसरा चौक ते राजारामपुरी एवढाच फेरा असलेल्याला कंपनीचा दिवा पुरतो, कारण रस्त्यावरचे खांब निम्मे काम करतात. गरज लागते ती शहराबाहेर. गगनबावडा रस्त्याला कळे मागे पडले, रत्नागिरी रस्त्याला वाघबीळ ओलांडले किंवा राधानगरीहून दाजीपूरकडे वळले, की काळोख आपला आणि दिवाही आपलाच. त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. ट्रॉलीच्या मागे लोंबणारी वाढी (उसाचे हिरवे शेंडे) टेललाइट झाकून टाकतात आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला असतो. अशी ट्रॉली स्वतःचा उजेड देत नाही. ती दिसायची तर आपल्या उजेडातच. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी सुटलेले कामगार, पहाटे डेअरीला दूध घालणारे शेतकरी आणि पावसाळ्यात आंबा घाट किंवा करूळ घाट उतरणारे हौशी स्वार, असे तिघेही ‘उजेड कमी पडतो’ म्हणतात, पण तिघांना हवा असलेला उजेड एकसारखा नाही.

दाजीपूरच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. गवा समोर तोंड करून उभा असेल तर त्याचे डोळे चमकतात. आडवा जात असेल तर काळसर अंग उजेड पिऊन टाकते. अशा वेळी आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढुरके पाय, म्हणजे डिप्परच्या (खाली वळवलेल्या) झोतात येणारा भाग. वर आकाशात मारलेल्या फोकसचा इथे काही उपयोग नाही.

किती उजेड पुरे, याचा हिशेब वेगावर ठरतो. ताशी 60 किमी वेगाला गाडी सेकंदाला सुमारे 16.7 मीटर कापते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच जातात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण 23-24 मीटर लागतात. म्हणजे जवळजवळ 50 मीटर. ताशी 80 ला हाच आकडा 75 च्या घरात जातो. डिप्परवर त्याच्याही आतला रस्ता उजळत असेल, तर स्वार दिसणाऱ्या रस्त्याच्या पुढे पळत असतो. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढते आणि दिवाही फसवतो: डांबरावरच्या पाण्याचा आरसा होतो, उजेड मागे स्वाराकडे न येता पुढे निसटतो आणि तोच दिवा अचानक मेल्यासारखा वाटतो. यावर कोणत्याही बल्बचा पुरता इलाज नाही.

मूळ दिव्याची घडण समजल्याशिवाय बदल करणे म्हणजे अंधारात दगड मारणे. आपल्याकडच्या हॅलोजन दिव्यांच्या मोटारसायकलींत मुख्यतः दोन प्रकारचे बल्ब येतात. एचएस-1 हा 35/35 वॅटचा, 13.2 व्होल्टला त्याचा नेमून दिलेला प्रकाश अप्परवर (लांबच्या झोतावर) 825 आणि डिप्परवर 525 ल्युमेन (प्रकाशाचे माप). एच-4 हा 60/55 वॅटचा. तो 1,650 आणि 1,000 ल्युमेन देतो. दोन्हींत दोन फिलामेंट असतात आणि डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिप्परच्या झोताला वरून कापल्यासारखी कड येते. फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रापासून मिलिमीटरभर सरकला तरी ती कड विस्कटते. दोन्ही बल्ब दिसायला भावंडे. फरक बैठकीच्या चकतीवरच्या दातांत असतो आणि ते दात घासून एचएस-1 च्या जागी एच-4 बसवणारे कारागीर सापडतात. उजेड दुप्पट होतो हे खरे, पण वीज दीडपटीहून जास्त लागते आणि उष्णताही तशीच वाढते. तिचा विचार दात घासताना कोणी करत नाही.

आता मुद्द्याचे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. बल्बला 13.2 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले तर उजेड सुमारे 28 टक्क्यांनी घटतो. 11 मिळाले तर जवळपास निम्म्यावर येतो. हे व्होल्ट हरवतात कुठे? मूळ वायरिंगमध्ये बॅटरीपासून निघालेला प्रवाह इग्निशन स्विच, हँडलवरचा अप्पर-डिप्पर स्विच आणि चार-दोन कपलर (वायरी जोडणारे प्लग) ओलांडून दिव्यापर्यंत येतो. वायर बारीक, स्विचच्या चकत्या काळवंडलेल्या आणि अर्थ, म्हणजे चेसिसला जोडलेली परतीची वायर, गंजलेल्या बोल्टवर. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरने जाऊन-येऊन चार मीटरचा पल्ला धरला तर 5 अँपिअरला नुसत्या तांब्यातच जवळपास 0.7 व्होल्ट गळतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती 0.14 व्होल्ट. कोल्हापूरच्या पावसात तीन-चार वर्षे उभी राहिलेली गाडी असेल तर कपलर आणि अर्थ यांचा वाटा वेगळा.

म्हणून पहिला खर्च बल्बावर करू नये. मल्टिमीटरने इंजिन चालू आणि दिवा पेटलेला असताना आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त निघाला, तर नवा बल्ब घेऊनही तो अर्धपोटीच राहणार. यावरचा उपाय रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच. चार पायांच्या साध्या रिलेत 30 या टोकाला बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून येते, 87 वरून ती दिव्याकडे जाते आणि 85-86 ची कॉइल जुन्या स्विचवर चालते. स्विचमधून आता जेमतेम नखभर प्रवाह जातो. मुख्य प्रवाह थेट बॅटरीतून. अप्पर आणि डिप्पर यांना वेगवेगळे रिले लागतात आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवायचा असतो, दिव्याजवळ नव्हे, कारण मधली वायर खरचटून चेसिसला लागली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग उघडाच राहतो. उद्यमनगरातला नीट वायरिंगवाला हे काम तासा-दोन तासांत करतो. त्याच्या हाताची पारख सोपी: सांधे नुसते पिळून टेप गुंडाळली आहे की टर्मिनल दाबून वर स्लीव्ह चढवली आहे, ते पाहावे.

जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. तो कॉइल प्लेटच्या, म्हणजे इंजिनावर फिरत्या चुंबकाने वीज तयार करणाऱ्या वेटोळ्यांच्या, एसी पुरवठ्यावर पेटतो, म्हणून गाडी आयडलला आली की उजेड मंदावतो आणि ॲक्सिलरेटर दिला की उसळतो. अशा गाडीला रिले लावण्याआधी ‘डीसी करणे’ भाग असते, म्हणजे कॉइलचे अर्थ सोडवून पूर्ण वीज रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणाऱ्या भागातून) बॅटरीकडे वळवणे. इथे अर्धवट काम केले तर बॅटरी दर दोन दिवसांनी बसते. 1 एप्रिल 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच दिवा आपोआप लागतो आणि दिव्याचा बंद-चालू स्विचच नसतो. त्यामुळे वाढवलेला प्रत्येक वॅट दिवसाही खर्च होत राहतो.

वॅट वाढवण्याच्या वाटेवर 100/90 वॅटचा बल्ब हा जुना मोह. अप्परला त्याला आठ अँपिअरहून जास्त लागतात. प्लॅस्टिकचा होल्डर पिवळा पडून वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी करपते आणि करपलेला रिफ्लेक्टर मूळ बल्ब परत लावला तरी उजेड परत देत नाही. मूळ वॅटचाच चांगल्या प्रतीचा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर चालवला तर या भानगडीविनाच पुष्कळ फरक पडतो. व्होल्टेजही अति नको: पाच टक्के वाढले की बल्बचे आयुष्य निम्म्यावर येते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी पाळत नाही. बोटाचे तेल लागलेली जागा जास्त तापून काच तिथेच फुगते किंवा तडकते.

हॅलोजनच्या होल्डरमध्ये घुसवायचे एलईडी बल्ब सध्या सर्वांत जास्त खपत असावेत असा दुकानाच्या काचा पाहून समज होतो. वीज कमी आणि उजेड पांढरा शुभ्र, एवढे दोन गुण खरे. दोष घडणीत आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बारीक तारेसाठी कोरलेला असतो. त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप आल्या की झोत फाटतो. गाडीसमोरचे पाच-दहा मीटर लख्ख उजळतात, त्या लखलखाटाने स्वाराची बाहुली आकसते आणि पुढचा अंधार आणखी गडद होतो. पांढऱ्या रस्त्याने खूश झालेला मालक समोरच्या ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या आपल्याला नाहीतच असे समजून चालतो. मूळचाच एलईडीसाठी बनवलेला संपूर्ण दिवा, किंवा नीट बसवलेला प्रोजेक्टर (भिंगाचा दिवा), ही गोष्ट वेगळी. त्यात डिप्परची कड शाबूत राहते.

लेगगार्डवर लावलेले जादा दिवे हा घाटात जाणाऱ्यांचा आवडता उपाय. वीस-वीस वॅटचे दोन एलईडी लावले तर भार साडेतीन अँपिअरच्या आत राहतो आणि बहुतेक दीडशे सीसीच्या पुढच्या गाड्या तो पेलतात. पिवळा दिवा धुके चिरतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा आणि पांढरा दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्याला खुपणे कमी होते, एवढाच त्याचा फायदा. आंबा घाटात खरे काम करते ती दिव्याची उंची. दिवा खाली असला की विखुरलेला उजेड नजरेच्या रेषेखाली राहतो आणि पांढरी पट्टी सापडते. धुक्यात अप्पर लावणारा स्वार स्वतःसमोर चुना फासलेली भिंत उभी करतो.

साइडलाइट, म्हणजे पायलट दिवे, रस्ता दाखवत नाहीत. गाडीची जागा दाखवतात. बहुतेक गाड्यांत ते पाच वॅटचे वेज (चपट्या, पाचरीसारख्या बुडाचे) बल्ब असतात. बुलेटला हेडलाइटच्या वर दोन्ही बाजूंना असलेले दोन छोटे दिवे ‘टायगर लॅम्प’ म्हणून ओळखले जातात आणि ते जिवंत ठेवण्यात कोल्हापुरी बुलेटवाले विशेष जीव लावतात. इथे एलईडी लावण्यात काही बिघडत नाही. झोताची कड वगैरे भानगड नसते. फक्त निळे-जांभळे किंवा लुकलुकणारे घेऊ नयेत. मेन बल्ब घाटात उडालाच तर हे दोन ठिपके समोरच्याला ‘इथे कोणी आहे’ एवढे तरी सांगतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 106 झोत कायमचा खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा असे सांगतो: दिव्यापासून 8 मीटरवर उभ्या, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये. नियम 111 समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास परवानगीविना मनाई करतो. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. दात घासून घुसवलेला जादा वॅटचा बल्ब आणि आकाशात तोंड केलेले फॉग लाइट या कचाट्यात येऊ शकतात.

फोकस लावणे हे शेवटचे आणि फुकटचे काम. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून, स्वार गाडीवर बसलेला असताना डिप्परची वरची कड हेडलाइटच्या उंचीच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली पडावी. गाडी स्टँडवर उभी करून हे कधीच करू नये. दूध घालणाऱ्याने कॅन भरलेले असताना आणि दोघे बसून जाणाऱ्याने मागचा बसवून फोकस लावावा, कारण मागचे शॉक दबले की पुढचा दिवा वर उचलला जातो. रिकाम्या गाडीवर नेमका लावलेला झोत पहाटे भरल्या कॅनसह थेट समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो आणि तो डिप्पर मारत राहतो.