युद्धकाळातील ओसिंट

ओसिंट (ओपन सोर्स इंटेलिजन्स, खुल्या स्रोतांतून काढलेली माहिती) म्हणजे युद्ध चालू असताना सर्वांना पाहता येणाऱ्या सामग्रीवरून (समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ, उपग्रहचित्रे, विमाने व जहाजांचे संकेत, वाहतुकीचे नकाशे) एखादी घटना खरोखर घडली का, कोठे आणि केव्हा, हे ठरवण्याची पद्धत. पूर्वी हे काम लष्करी गुप्तवार्ता विभाग आणि परदेशी रेडिओ ऐकणारी केंद्रे करीत. २०११ नंतर सीरियातील युद्धाचे व्हिडिओ येऊ लागले तसे ते ऑनलाइन जमलेल्या हौशी गटांकडेही आले.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर एमएच १७ हे प्रवासी विमान पाडले गेले. २९८ जणांचा मृत्यू झाला. बेलिंगकॅट या गटाने रस्त्याकडेच्या लोकांनी टिपलेली चित्रे जुळवत ‘बुक’ या विमानवेधी क्षेपणास्त्राच्या वाहनाचा माग रशियातील कुर्स्कच्या ५३व्या ब्रिगेडपर्यंत नेला. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या नेतृत्वाखालचे संयुक्त तपास पथकही त्याच निष्कर्षाला आले. ओरिक्स हा गट २०२२ पासून युक्रेनमधील रणगाडे व तोफांची हानी मोजतो: नष्ट, नादुरुस्त, सोडून दिलेले, शत्रूने हस्तगत केलेले. चित्र नाही तर मोजणी नाही, त्यामुळे त्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असणार हे धरून चालावे.

सराव मात्र ओळखीच्या मुलुखावर करावा. तिथे चूक लगेच कळते. म्हणून पुढची बहुतेक उदाहरणे मराठवाड्यातली आहेत.

पहिले काम मूळ शोधण्याचे. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या चित्रातून वेळ व स्थळाच्या अंतर्गत नोंदी गळून जातात, म्हणून त्यात त्या शोधत बसू नये. व्हिडिओतून चार-पाच स्थिरचित्रे काढावीत, गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही सेवांवर टाकावीत, मग तीच आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवून पुन्हा टाकावीत. जुनी प्रत सापडली की दावा खोटा ठरतो. सापडली नाही म्हणून खरा ठरत नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत बैरूतच्या २०२० मधल्या स्फोटाचे आणि आर्मा ३ या संगणकीय खेळातले तुकडे ताज्या हल्ल्याचे म्हणून फिरले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) तथ्यपडताळणी विभागाने ते खोडून काढले. खऱ्या स्फोटात आधी झोत दिसतो, मग आवाज येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवरचा धमाका जवळपास ९ सेकंदांनी ऐकू यायला हवा. लांबचा झोत आणि आवाज एकाच क्षणी आले, तर आवाज मागाहून चिकटवलेला असण्याची शक्यता मोठी.

स्थळ ठरवताना आधी हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या खुणा वेगळ्या कराव्यात. वाहनाच्या पाटीवर एमएच २३ दिसले की नवखा माणूस ‘बीड’ लिहून मोकळा होतो. पण गाळप हंगामात बीडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात, गाड्याही तिकडेच. काळी माती तर विदर्भातही आहे. मैलाच्या दगडाचा माथा जास्त उपयोगी: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. साखर कारखान्याची चिमणी, पाण्याची टाकी, धाराशिवकडच्या पवनचक्क्यांची रांग या खुणा उपग्रहचित्रात सापडतात आणि दोन खुणांमधला कोन मोजता येतो. डोंगररेषेवर सगळीकडे सारखा भरवसा नको. देवगिरीचा तासलेला कडा एका नजरेत ओळखू येतो, बालाघाटाचे सपाट माथे मात्र गावोगाव एकसारखे. किमान तीन स्वतंत्र, न हलणाऱ्या खुणा जुळल्याखेरीज स्थळ जाहीर करू नये.

वेळ सावली सांगते. सावली उंचीइतकी असेल तर सूर्य ४५ अंशांवर असतो. हे सकाळीही घडते आणि दुपारीही, म्हणून दिशा पाहावीच लागते. ८ मे रोजी लातूरला सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास, आणि १० मीटरच्या खांबाची सावली तेव्हा जेमतेम वीतभर उरते. त्याच दिवशी लाहोरच्या मध्यान्ही ती अडीच मीटर असते, कीव्हला साडेसहा मीटरच्या पुढे. ‘भरदुपारी लाहोर’ म्हणून आलेल्या चित्रात खांबाच्या बुडाशी सावलीच नसेल, तर पुढचे तपासायची गरज नाही. शून्य सावलीनंतर (मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसानंतर) जुलैअखेरपर्यंत लातूरची मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, हे विसरल्याने दिशा उलटी लावली जाते.

नासाच्या फर्म्स नकाशावर आगीचे ठिपके काही तासांत दिसतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिअर्स या उपग्रहावरील संवेदकाचा चौकोन ३७५ मीटरचा असतो. ठिपका त्याच्या मध्यावर पडतो, प्रत्यक्ष आगीवर नव्हे. लातूर-धाराशिवकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हाही असेच ठिपके उमटतात. गोळाबारीचा निष्कर्ष एकट्या ठिपक्यावरून काढता येत नाही. आधीच्या वर्षांचे तेच आठवडे शेजारी ठेवून पाहावेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात (एक ठिपका १० मीटरचा) जळालेले शिवार दिसते, ट्रकचा प्रकार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ते निरुपयोगी; तेव्हा सेंटिनेल-१ चे रडारचित्र घ्यावे.

प्रत्येक चित्राचा वा व्हिडिओचा दुवा, उतरवल्याची वेळ आणि एसएचए-२५६ ठसा (फाइल जराही बदलली तर बदलणारा संगणकीय आकडा) लगेच नोंदवावा. पोस्ट तासाभरात पुसली जाते. वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) लिहाव्यात. सिंदूरचे हल्ले भारतीय वेळेनुसार ७ मेच्या पहाटे १.०५ ते १.३० दरम्यान झाले. यूटीसीत ती ६ मेची संध्याकाळ. तारखांचे निम्मे वाद इथेच उगवतात.

स्वतःच्या सैन्याच्या हालचाली या कामात बसत नाहीत. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना आणि समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांना संरक्षण कारवायांचे थेट चित्रण टाळण्यास सांगितले. १९२३ चा शासकीय गुपिते कायदाही लागू आहेच. परभणी किंवा जालना स्थानकावरून जाणाऱ्या लष्करी गाडीचा व्हिडिओ गटात आला, तर गटाचे जाणते संचालक (ॲडमिन) तो न तपासता काढून टाकतात आणि पाठवणाऱ्याला मूळ पोस्टही पुसायला सांगतात.