द कंटेनर स्टोअर

द कंटेनर स्टोअर : घरातील वस्तू ठेवण्याची, टांगण्याची आणि एकूणच पसारा आवरण्याची साधने विकणारी अमेरिकेतील दुकानांची साखळी. स्थापना १ जुलै १९७८ रोजी टेक्सस राज्यातील डॅलस शहरात झाली. मुख्यालय डॅलसजवळच्या कॉपेल या गावी आहे. डबे, टोपल्या, खोकी, हँगर, फळ्या आणि भिंतीतल्या कपाटांची आतली मांडणी हा या दुकानाचा माल. ‘सामान ठेवण्याचे सामान’ एवढ्याच गोष्टीला वाहिलेले दुकान हा व्यापाराचा स्वतंत्र प्रकार अमेरिकेत याच साखळीने रुजवला, असे साधारणपणे मानले जाते. तोपर्यंत अशा वस्तू हार्डवेअरच्या किंवा भांड्यांच्या दुकानात कुठेतरी कोपऱ्यात पडलेल्या असत.

संस्थापक तिघे : किप टिंडेल, गॅरेट बून आणि वास्तुरचनाकार जॉन मुलेन. टिंडेल आणि बून यांची ओळख मॉन्टगोमेरी वॉर्ड या डिपार्टमेंट स्टोअरच्या रंगविभागात नोकरी करताना झाली. पुढे दोघांनी फर्निचरच्या दुकानातही काम केले, त्यामुळे किरकोळ विक्रीची नस त्यांना ठाऊक होती. भांडवल ३५,००० डॉलर, जागा १,६०० चौरस फूट. रिकामी खोकी विकून दुकान कसे चालणार, ही शंका तेव्हा अनेकांनी घेतली, आणि ती अगदीच गैर नव्हती. शिंप्याकडचे कापड किंवा बेकरीतला पाव पाहताच त्याचा उपयोग कळतो. रिकामा डबा मात्र गिऱ्हाइकाच्या घरात काय पसरले आहे हे कळल्याशिवाय निरुपयोगी दिसतो.

पहिल्या अडचणीला तोंड द्यावे लागले ते मालाच्या बाबतीत. घरगुती साठवणीसाठी खास बनवलेल्या वस्तू त्या काळी फारशा मिळतच नसत. म्हणून या मंडळींनी कारखाने, डेअऱ्या, बेकऱ्या आणि कार्यालयांसाठी बनणारा माल शोधून काढला : दुधाच्या बाटल्यांचे क्रेट, टपालपेट्या, बेकरीतले तारेचे रॅक, बागेतला पालापाचोळा जाळायच्या तारेच्या टोपल्या. असा माल बनवणाऱ्यांना सुटी विक्री करण्याची सवय नव्हती, त्यांना पटवावे लागले. दुधाच्या क्रेटची कहाणी तर ठरलेलीच. त्याचे माप बारा इंची ग्रामोफोन रेकॉर्डना नेमके बसते, आणि त्या काळात रेकॉर्ड नसलेले घर विरळाच. वस्तू एका कामासाठी बनलेली, विकत घेणाऱ्याने ती भलत्याच कामाला लावायची : या दुकानाचा सुरुवातीचा सगळा धंदा या एका युक्तीवर उभा राहिला.

या युक्तीतच दुकानाचा पुढचा स्वभाव ठरला. क्रेटकडे बघून ‘यात रेकॉर्ड राहतील’ हे गिऱ्हाइकाला सुचेलच असे नाही, कुणीतरी सांगावे लागते. म्हणून विक्रेता हाच खरा माल ठरला. नव्या लोकांना शिकवताना टिंडेल वाळवंटातून खुरडत आलेल्या माणसाचा दाखला देत असत. तो तहानलेला माणूस दारात आला की कुणीही पाण्याचा पेला पुढे करून मोकळा होईल. पण त्याला टोपीही हवी असेल, पायात काही हवे असेल, घरी निरोप पाठवायचा असेल. हे न विचारता फक्त पाणी देऊन त्याला वाटेला लावणे म्हणजे विक्री नव्हे, असा त्याचा रोख. बुटांसाठी एक रॅक मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला कपाटाचे माप विचारायचे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. यात सेवाभाव किती आणि बिल वाढवण्याची हुशारी किती, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही होते हे मात्र उघड आहे.

असा विक्रेता स्वस्तात मिळत नाही. ‘एक उत्तम माणूस म्हणजे तीन चांगली माणसे’ हे सूत्र कंपनीने मांडले आणि त्या हिशेबाने पगारही दिला, किरकोळ विक्रीच्या धंद्यात रूढ असलेल्या पगारापेक्षा बराच जास्त. पूर्णवेळ कर्मचाऱ्याला पहिल्या वर्षी अडीचशे तासांच्या आसपास प्रशिक्षण मिळते, असे कंपनी सांगत असे. इतर दुकानांत हा आकडा दहाच्या आतबाहेर असे. विक्रीचे रोजचे आकडे सर्वांना दाखवण्याचीही पद्धत होती. ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या ‘नोकरीसाठी उत्तम १०० कंपन्या’ या यादीत २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन वर्षे ही साखळी पहिली आली, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या यादीत राहिली. २००८च्या मंदीत तिने कर्मचारी कपात न करता पगारवाढ गोठवली.

दुकानाला सर्वांत जास्त नफा देणारी आणि सर्वांत वेगळी वस्तू स्वीडनहून आली. आर्ने लिडमार यांनी १९४८ साली तिथे एल्फा ही कंपनी काढली होती. तिचे पहिले उत्पादन तारेचे, भांडी निथळत ठेवण्याचे रॅक होते. त्याच तारकामातून पुढे सरकत्या जाळीच्या टोपल्या आणि भिंतीवरच्या फळ्यांची पद्धत तयार झाली. पहिल्या दुकानापासूनच एल्फाचा माल इथे विकला जात होता.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. छताच्या थोडे खाली एक आडवी पोलादी पट्टी अगदी समपातळीत ठेवून भिंतीला स्क्रूने आवळायची. भोके पाडण्याचे काम तिथेच संपते. मग छिद्रांच्या दोन रांगा असलेल्या उभ्या पट्ट्या त्या आडव्या पट्टीवर नुसत्या अडकवायच्या. त्या लोंबतात आणि भिंतीला टेकून राहतात. छिद्रांत ब्रॅकेटचे दात बसवायचे आणि ब्रॅकेटवर फळी, टोपली किंवा कपडे टांगायची दांडी. अमेरिकेतील घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी उभ्या खांबांवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. खांबांमध्ये साधारण सोळा इंचांचे अंतर असते, आणि मधल्या पोकळ भागात मारलेला स्क्रू ओझ्याने उपटून येतो. एल्फात फक्त वरची पट्टी खांबांना पकडते, त्यामुळे खालच्या उभ्या पट्ट्या हव्या तिथे सरकवता येतात. मूल लहान असताना खाली लावलेली दांडी ते वाढले की दोन छिद्रे वर उचलायची, पुन्हा ड्रिल हाती घ्यायचे कारण नाही.

गिऱ्हाईक कपाटाची रुंदी, उंची आणि खोली मोजून आणते. विक्रेता संगणकावर आराखडा काढतो, मोजून सुटे भाग काढतो, लागतील तसे कापून देतो. रिकाम्या डब्याच्या विक्रीत जे बोलून सांगावे लागत होते, तेच इथे आराखड्याच्या रूपाने विकता येऊ लागले. नाताळपासून फेब्रुवारीपर्यंत चालणारा एल्फाचा वार्षिक सेल वर्षाच्या उलाढालीचा मोठा आधार बनला. नव्या वर्षात घर आवरायचा संकल्प करणारे गिऱ्हाईक नेमके तेव्हाच दुकानात येत असते. पुरवठा दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून १९९९ साली द कंटेनर स्टोअरने एल्फा कंपनीच विकत घेतली.

वाढ सावकाश झाली. टेक्ससमध्ये पाय रोवल्यावर साखळी इतर राज्यांतील मोठ्या शहरांत गेली, आणि दुकाने आकाराने फुगत गेली : पहिल्या दुकानाच्या पंधरापट, म्हणजे सरासरी २५,००० चौरस फूट. मागणीचे कारण जागेची टंचाई असेल असे वाटते, पण आकडे वेगळेच सांगतात. अमेरिकेत नव्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्रफळ १९७३ साली १,६६० चौरस फूट होते, ते २०१३पर्यंत २,६०० च्या घरात गेले. याच काळात एका घरातील माणसांची सरासरी संख्या तीनवरून अडीचवर आली. जागा वाढली, माणसे घटली आणि तरीही डबे पुरेनात. स्वस्त आयात मालाने घरे ज्या वेगाने भरली, त्याच वेगाने हे दुकान चालले.

२००७ साली लिओनार्ड ग्रीन अँड पार्टनर्स या खासगी गुंतवणूक संस्थेने बहुसंख्य हिस्सा घेतला. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीचा शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात १८ डॉलरला आला आणि पहिल्याच दिवशी दुप्पट झाला. तेव्हा दुकाने साठाच्या आसपास होती. हा उत्साह वर्षभरही टिकला नाही. २०१४च्या उन्हाळ्यात किरकोळ व्यापाराला मरगळ आल्याचे टिंडेल यांनी स्वतःच सांगितले, आणि शेअर घसरला. टिंडेल २०१६ साली मुख्य कार्यकारी पदावरून उतरले. त्यांच्यानंतर मेलिसा रिफ आल्या, आणि २०२१ साली सतीश मल्होत्रा.

कोविडच्या साथीच्या काळात घरात कोंडलेल्या लोकांना आपापली कपाटे दिसू लागली. मार्च २०२१ नंतरच्या आर्थिक वर्षात विक्रीने पहिल्यांदाच एक अब्ज डॉलरची पातळी ओलांडली. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने शिकागो भागातील क्लोजेट वर्क्स ही लाकडी कपाटे बनवणारी कंपनी घेतली. पण ही भरती होती आणि ती ओसरली. व्याजदर वाढले तशी घरांची खरेदी-विक्री मंदावली, आणि नव्या घरात गेल्याशिवाय सहसा कुणी कपाट नव्याने लावत नाही. दुसरीकडे साधा प्लास्टिकचा पारदर्शक डबा आता सुपरमार्केटात आणि ऑनलाइन स्वस्तात मिळू लागला होता. तो कुठे लावायचा हे सांगणारे व्हिडिओ फुकट होते. १९७८ साली ज्या ज्ञानासाठी विक्रेत्याकडे जावे लागत असे, ते मोबाइलवर आले. मोठ्या जागांचे भाडे, शिकवलेल्या माणसांचा पगार आणि डोक्यावरचे कर्ज मात्र तसेच राहिले. पडझडीचे खापर एकट्या इंटरनेटवर फोडणे सोपे आहे, पण कर्ज हलके असते तर ही साखळी अशी एक-दोन वाईट वर्षे काढू शकली असती, असे मानायला जागा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बियाँड या कंपनीने ४ कोटी डॉलर गुंतवण्याचा करार केला, पण त्यातली कर्जफेररचनेची अट पूर्ण होईना. डिसेंबरमध्ये शेअर न्यूयॉर्क बाजाराच्या यादीतून निघाला, आणि २२ डिसेंबर २०२४ रोजी कंपनीने टेक्ससच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. तेव्हा तिची १०२ दुकाने होती, आणि ती चालूच ठेवण्यात आली. धनकोंशी बोलणी आधीच झालेली असल्यामुळे प्रकरण महिन्याभरात, जानेवारी २०२५च्या अखेरीस मिटले. मालकी कर्ज देणाऱ्यांकडे गेली आणि कंपनी पुन्हा खासगी झाली. स्वीडनमधील एल्फाचा कारभार या अर्जाच्या बाहेर ठेवला होता, त्यामुळे तिथले कारखाने या सगळ्या काळात नेहमीप्रमाणे चालू राहिले.