नवचेतना आणि आधारशिला: फरक फक्त वयाचा नाही

‘पोषण भी, पढाई भी’ या अंगणवाड्यांसाठीच्या केंद्राच्या कार्यक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं की अंगणवाडी सेविकांच्या बोलण्यात दोन नावं जोडीनं येतात, नवचेतना आणि आधारशिला. पहिला बाळांच्या विकासाला चालना देण्याचा आराखडा, दुसरा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम, आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं दोन्ही मार्च 2024 मध्ये आणली. दोन्ही त्याच तीन दिवसांत शिकवली जातात आणि दोन्हींत खेळ, गाणी, गोष्टी आहेतच. मग ‘एक लहान्यांचं, एक मोठ्यांचं’ एवढंच डोक्यात राहतं.

ते चूक नाही. नवचेतना जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आहे, आधारशिला तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. पण तेवढंच धरून चाललं तर अर्धं प्रशिक्षण वाया जातं, कारण या दोन्हींत सेविकेनं कोणाला शिकवायचं हेच वेगळं आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या सेविकांना हे पटवावं लागत नाही. त्यांच्या ओळखीची जोडी ‘आरंभ’ आणि ‘आकार’ची. आरंभमध्ये पालक मेळावे आणि गृहभेटी, आकारमध्ये अंगणवाडीतलं बालशिक्षण. नवीन नावं साधारण त्याच दोन खणांत बसतात.

आधारशिलाचं काम डोळ्यांना दिसतं. वर्ष 48 आठवड्यांचं धरलंय. पहिले चार आठवडे मुलाला रुळवण्याचे, कारण घर सोडून इथं बसायचं हेच त्याला नवीन असतं. पुढचे 36 आठवडे शोधाशोध, मुक्त खेळ, गप्पा, गोष्टी, चित्रं, मातीकाम. शेवटचे आठ उजळणीचे. रडणारं मूल आलं म्हणून सेविकेनं पहिल्याच आठवड्यात पाटी काढायची नाही, हे त्या चार आठवड्यांमागचं शहाणपण. आई-बाप ‘बाई, लिहायला कधी शिकवणार?’ म्हणून मागे लागतात तेव्हा तिला ते उपयोगी पडतं. इथं मुलं समोर असतात, काम तिच्या हातात असतं आणि दिवस तिचा असतो.

नवचेतनात यातलं काहीच नसतं. सात-आठ महिन्यांचं बाळ अंगणवाडीत येतं ते वजनाला, लसीकरणाला किंवा घरी न्यायचा आहार घ्यायला आलेल्या आईच्या कडेवर. उरलेला महिनाभर ते घरी असतं. 36 महिन्यांची खेळांची दिनदर्शिका आणि 140 कृती सेविकेच्या हातात असल्या तरी त्या करायच्या आई, आजी, बाप किंवा थोरल्या बहिणीनं. म्हणजे इथं सेविकेचा विद्यार्थी मोठा माणूस असतो.

गृहभेटीत नेमकी इथंच गडबड होते. सेविका घरी जाते, बाळाला मांडीवर घेते, खुळखुळा वाजवते, बाळ हसतं, घरचे खूश होतात. रजिस्टरमध्ये भेट लागते आणि पुढच्या महिन्यापर्यंत त्या घरात काहीही बदलत नाही. चांगली गृहभेट जरा वेगळी दिसते. सेविका पदर खोचून भिंतीला टेकून बसते आणि वाटी-झाकण आजीच्या हातात देते.

“बाई, नऊ महिन्यांचं पोर ते. त्याला काय कळतंय?”

“तुम्ही फक्त झाकण ठेवा आजी, आणि थांबा.”

आजी थांबते. बाळ झाकणाकडे बघतं, आजीकडे बघतं, “ब्बा” म्हणतं.

“आता तुम्ही बोला. तो बोलला ना तुमच्याशी.”

“काय रे, वाटी पाहिजे?” असं आजी म्हणते आणि बाळ पुन्हा “ब्बा” करतं. नवचेतनाचा गाभा एवढाच आहे. बाळानं काही करावं, मोठ्यानं त्याला उत्तर द्यावं, मग बाळाच्या पाळीची वाट बघावी. रोज प्रेम, बोलणं आणि खेळणं. यातला ‘थांबा’ हा भाग सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे मोठी माणसं बाळाशी भरपूर बोलतात, पण त्याच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

साहित्य एकच असलं की घोळ आणखी वाढतो. चिंचोके घ्या. साडेचार वर्षांचं मूल चिंचोक्यांचे ढीग करतं, मोजतं, पाटीवरच्या रेघेवरून लावत जातं. वर्गीकरण, मोजणी आणि बोटांची पकड एकाच बैठकीत होते. तेच चिंचोके दहा महिन्यांच्या बाळापुढं ठेवले तर सरळ तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात. त्याला हवा डबा, मोठं झाकण, मऊ कापडाचा तुकडा. एकाच खोलीत पाठचं भावंडही खेळत असतं तिथं हे आधी सांगावं लागतं.

वेळेचा हिशेबही वेगळा. आधारशिला कॅलेंडरवर चालते: हा आठवडा कुठला, या आठवड्याचं काय. नवचेतना बाळाच्या वयावर चालते. एकाच वाडीतल्या पाच बाळांसाठी एकाच दिवशी पाच वेगळी पानं उघडावी लागतात. त्यातलं एखादं दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर विकासाचे टप्पे बघताना त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करायचे, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. सहा महिन्यांच्या अशा बाळाकडून चार महिन्यांचीच अपेक्षा ठेवायची. हे न सांगितल्यामुळे आया उगाच घाबरतात.

घाबरण्यावरून आठवलं. शेजारचं पोर अकराव्या महिन्यात चालायला लागलं की तेरा महिन्यांच्या बाळाच्या आईची झोप उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण 8.2 ते 17.6 महिने इतका पसरट आहे. टप्पा ही तारीख नसते, आणि सेविकेनं हे ठणकावून सांगावं. मात्र तो काळ उलटून गेला, किंवा बाळ आधी करत होतं ते करेनासं झालं, तर मग वाट बघत बसायचं नाही. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवायचं. 2013 साली हा कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, आणि विकासातला विलंब ओळखणं हे त्याच्या चार मुख्य कामांपैकी एक. निदान पथक आणि डॉक्टर करतील. सेविकेनं बघायचं, नोंदवायचं, पाठवायचं.

आता प्रशिक्षणाबद्दल थोडं कडू. पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी यांना आधी दोन दिवस आणि मग त्यांच्याकडून सेविकांना तीन दिवस, अशी ही उतरंड आहे. सभागृहात आधारशिला छान रंगते: मुखवटे, बाहुल्या, बडबडगीतं, सगळ्या जणी उठून नाचतात. नवचेतना मात्र स्लाइडवर राहते, कारण सभागृहात ना बाळ असतं ना हट्टी आजी. शिवाय आपल्याकडे बालवाडीचा वारसा मोठा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली पाड्यांच्या अंगणात जे उभं केलं त्यातूनच ‘अंगणवाडी’ आली. त्यामुळे तीन वर्षांपुढच्या मुलांसोबत काय करायचं याची मुळं पक्की आहेत. तीनच्या आतल्यांसाठी पालकांशी बोलण्याचं कौशल्य तेवढं मुरलेलं नाही. ते तीन दिवसांत येणारही नाही. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, मासिक बैठकीत एकीनं आजी व्हायचं, दुसरीनं सेविका, आणि बाकीच्यांनी कुठं थांबली, कुठं घाई केली ते सांगायचं, असं महिनोन् महिने चालावं लागतं.

पाळणाघरात ही सगळी मांडणी उलटते. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुलं एकाच छताखाली असतात. तिथली मावशी पालकाला शिकवत नाही, दिवसाचे सात-आठ तास ती स्वतःच मोठं माणूस असते. लंगोट बदलताना, भरवताना, झोपवताना तिनं गप्प राहून काम उरकलं की नवचेतनाचे सगळे तास गेले. खासगी पाळणाघरांत तर मी हेच जास्त पाहिलंय: मोठ्यांसाठी भिंतीवर अक्षरं, खेळ, वेळापत्रक, आणि लहान्यांसाठी फक्त स्वच्छता आणि दूध. पाळणाघर चालवणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना आधी नवचेतना द्यावी, आधारशिला नंतर.

एक शेवटची गल्लत. तीन दिवसांचं प्रशिक्षण केलं म्हणजे ‘कोर्स’ झाला असं समजू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं बारावी किंवा त्यापुढं शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सांगितलाय, त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका. तो काम सांभाळून, मोबाइल-टीव्हीवरून करायचा आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग ठेवायचा, असं धोरणात आहे. तो अभ्यासक्रम बालशिक्षणाचा, म्हणजे आधारशिलाच्या बाजूला झुकणारा. त्यात किंवा एखाद्या खासगी संस्थेच्या अभ्यासक्रमात नाव घालण्याआधी विचारून घ्या: तीन वर्षांच्या आतल्या बाळांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत प्रत्यक्ष सराव किती तास आहे?