सावलीच्या टोकावर खडा

मैदानात काठी उभी करून दर तासाला सावली मोजणं तिसरी-चौथीच्या मुलांना सहज जमतं. पण बऱ्याचदा उपक्रम वहीतला तक्ता भरण्यापुरताच उरतो. तक्ता नंतर करा. आधी प्रत्येकाच्या हातात एक खडा द्या आणि विचारा, तासाभराने सावलीचं टोक कुठे असेल? खडा तिथे ठेवायचा. एकदा ठेवला की हलवायचा नाही.

काठी जमिनीपासून ५० सेंमी उंच आणि अंगठ्याएवढी जाड असावी. लांब, बारीक काठीच्या सावलीचं टोक दिसतच नाही. सूर्य ठिपका नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट होते, आणि काठीचं टोक जमिनीपासून जितकं दूर तितकी जास्त. टोकाची जागा सापडेना तर वर मातीची गोळी बसवा.

फरशीवर काठी रोवता येत नाही, तेव्हा ओल्या वाळूने भरलेला डबा घ्या. उंची मात्र फरशीपासून मोजा, वाळूपासून नाही. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. ती २ अंश कलली तरी टोक पावणेदोन सेंमी सरकतं. उतारावर तर सगळीच मापं बिघडतात.

पहिल्या तासात टोक किती सरकलं ते पाहून मुलं पुढचा खडा तेवढ्याच अंतरावर ठेवतात. सकाळी हा अंदाज हमखास चुकतो, आणि तो चुकू द्यावा. सूर्य तासाला १५ अंशच पुढे जातो, पण तिरपे किरण जमिनीवर लांब पसरतात. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) सुमारास मध्यान्हापूर्वीच्या चौथ्या तासात टोक जेवढं सरकतं, ते मध्यान्हानंतरच्या पहिल्या तासापेक्षा पावणेतीन पट असतं.

पाचवीच्या वर्गाला दिशाही काढता येतील. मध्यान्हाच्या दोन-तीन तास आधी सावलीएवढी दोरी काठीच्या बुंध्याला सैल अडकवून खडूने वर्तुळ काढा. टोक त्या क्षणी वर्तुळावरच असतं, तिथे खूण करा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सकाळची खूण पश्चिमेची. होकायंत्राशी काही अंशांचा फरक पडला तर लगेच मुलांची चूक धरू नका. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर बहुतेक ठिकाणी जुळत नाहीत. शिवाय जवळ लोखंडी खांब असला तर सुई आणखी भरकटते.

सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला पडेलच असं नाही, म्हणून साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी खूण करा. ढगांमुळे एखादी खूण हुकली तर जागा मोकळी ठेवा, अंदाजाने भरू नका. प्रत्येक खुणेला मुलांनी दोनच मिनिटं उन्हात यायचं, बाकी वेळ सावलीत. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे काठी उभारण्याआधीच सांगा.