द्राक्षावरचं मेण आणि नागजचं शेड

द्राक्षाचा मणी बोटाने चोळला की वरचा पांढुरका थर निघतो आणि खालची साल चकाकायला लागते. पुष्कळांना तो थर म्हणजे औषधाची फवारणी वाटते. औषधाचा अंश असेलही, पण पांढुरकेपणा असतो तो द्राक्षाच्या स्वतःच्या मेणाचा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा बेदाण्याचा धंदा बऱ्याच अंशी या मेणाशी झगडूनच उभा राहिलाय.

हे मेण सलग नसतं. त्याच्या सूक्ष्म चकत्या छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात. बाहेरचं पाणी आत जात नाही आणि आतलंही सहजी बाहेर पडत नाही. घड नुसता उन्हात टाकला तर वाळायला 3-4 आठवडे लागतात आणि रंग तपकिरी, काळपट होतो. आपल्याकडे भाव मिळतो हिरव्या-पिवळ्या मालाला. त्यात महिनाभर आभाळाकडे डोळे लावून बसणं छोट्या बागायतदाराला परवडत नाही.

मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या नागजच्या माळावर गेलात तर यावरचा उपाय चालू असलेला दिसतो. द्राक्षांचं क्रेट टाकीत बुडवतात, 2 ते 4 मिनिटांनी वर काढतात, निथळू देतात आणि घड शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. टाकीतलं पाणी लिटरला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलीलिटर इथाइल ओलिएटचं असतं. शेडवर या दुसऱ्याचं नाव ‘डिपिंग ऑइल’. त्याचे तेलकट रेणू मेणाच्या चकत्यांमध्ये शिरतात, कौलं जराशी सरकतात आणि पाण्याला वाट मिळते. गंमत अशी की साल फाटत नाही. उकळत्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घड बुडवायची पद्धतही जगात आहे, पण तिने सालीला चिरा जातात. इथे साखर आतच राहते, बेदाणा चिकट होत नाही आणि 12 ते 15 दिवसांत वाळतो.

ही युक्ती प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी 2 हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल याच कामाला वापरत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतंच. रसायनशास्त्राने त्या घरगुती काढ्याला फक्त माप दिलं.

उरलं ऊन. साल सैल झाली की आतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गर तपकिरी करू लागतं. कापलेलं सफरचंद काळवंडतं ते याच कारणाने. उन्हात हा उद्योग वाढतो, म्हणून रॅकवर शेडनेट, म्हणजे सावलीचं जाळीदार कापड, आलं. गंधकाची धुरी देतात तीही या विकराला आवर घालायला. अफगाणिस्तानात हेच काम मातीच्या, भिंतींना भोकं ठेवलेल्या ‘किशमिशखान्यात’ होतं. सावली आणि वारा, तत्त्व एकच. तिथला आणि इराणचा माल बाजारात आपल्याशी स्पर्धा करतो. आपल्याकडे मातीच्या भिंतींच्या जागी लोखंडी अँगल, जाळी आणि कापड आलं. कवठेमहांकाळ-जत भागाची कोरडी हवा मात्र फुकट मिळाली. ज्या दुष्काळाला आपण आयुष्यभर नावं ठेवली, त्यानेच इथे वाळवणीचं भाडं वाचवलं!

पण माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी सुधारणा खिशात मावते. रिफ्रॅक्टोमीटर. मण्याच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखर आणि इतर विरघळलेल्या घनपदार्थांच्या टक्केवारीचा, आकडा वाचायचा. रस जितका गोड, तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. आता हिशेब बघा. तयार बेदाण्यात साधारण 15 टक्के पाणी राहतं. 18 ब्रिक्सला तोडलेल्या 1 टन द्राक्षांत 180 किलो साखर आणि इतर घनपदार्थ, म्हणजे बेदाणा सुमारे 212 किलो. तेच 22 ब्रिक्सला तोडलं तर 259 किलो. तीच बुडवणी, तेच रॅक, तीच मजुरी आणि टनामागे 47 किलो जास्त! ‘चार किलोला एक किलो’ हा माळावरचा ठोकताळा साखर भरलेल्या मालालाच लागू पडतो. घाईने तोडला की तो पाचाला एकवर जातो आणि शेतकरी शेडवाल्याच्या वजनकाट्यावर संशय घेत बसतो.

वाळवल्यानंतरची कहाणी थोडक्यात. मळणीत देठ सुटतात, जाळ्यांवर आकार वेगळे होतात, आणि कलर सॉर्टरमध्ये कॅमेऱ्याने हेरलेला काळा दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडतो. मग शीतगृह. 4-5 अंशांना रंग बदलायची क्रिया इतकी मंदावते की एप्रिलमधला हिरवा माल दिवाळीलाही हिरवाच निघतो. शेतकऱ्याला तासगावच्या सौद्यात (लिलावात) त्याच आठवड्यात माल विकायची सक्ती राहत नाही. 2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाव कागदावर आलं.

पावसाला मात्र अजून कुणी पुरं पडलेलं नाही. हवेतला दमटपणा वाढला की सैल झालेली साल पाणी सोडायचं थांबवते. अर्धवट वाळलेल्या मालावर अवकाळी सर आली तर डाग पडतात, बुरशी धरते. म्हणून दुपारी वारा पडला की शेडमालक आधी रॅकच्या खांबाला टांगलेल्या आर्द्रतामापकाकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि पोरांना हाक मारतो, “ए, कागद सोडा रं खाली!”