तेलाच्या पैशातून मोटारबंदी: अकेडियाचे खडीचे रस्ते

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन राज्याच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे 280 चौरस किलोमीटर. ग्रॅनाइटचे बोडके माथे, त्यांच्यामधल्या खोलगटांत हिमनद्यांनी कोरलेली तळी आणि उरलेलं सगळं जंगल. बेटाचा बराचसा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात मोडतो. या उद्यानात खडी-मुरुमाचे जवळजवळ 72 किलोमीटर रस्ते असे आहेत, जिथे मोटारींना मज्जाव आहे. सायकलवरून ईगल लेकला वळसा घालून साधारण साडेनऊ किलोमीटरची सोपी फेरी मारा, नाहीतर सार्जंट आणि पेनॉब्स्कॉट या डोंगरांभोवतीची मोठी फेरी घ्या. मागून हॉर्न वाजणार नाही.

ग्रॅव्हल बाइक, म्हणजे जाडसर टायरची पण हलकी, कच्च्या रस्त्यावर पळणारी सायकल, गेल्या दहा-पंधरा वर्षांत फोफावली. रस्ते मात्र शंभर वर्षांचे आहेत आणि ते सायकलसाठी बांधलेच नव्हते. ते बांधले घोडागाडीसाठी, मोटारींवरचा उतारा म्हणून. आणि बांधणारा होता जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर, म्हणजे स्टँडर्ड ऑइलच्या संस्थापकाचा एकुलता एक मुलगा. तेल विकून गब्बर झालेल्या घराण्याच्या वारसाने मोटारीपासून लांब राहण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतला, हा विनोद त्या काळातही कुणाला तरी सुचला असणारच.

या बेटाकडे बाहेरच्यांचं लक्ष वेधलं ते एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी. टॉमस कोल 1844 मध्ये इथे येऊन गेला, पुढे फ्रेडरिक चर्च आला. त्यांची चित्रं बघून बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे धनिक उन्हाळ्यासाठी येऊ लागले आणि त्यांनी महाल उठवले. या महालांना ते ‘कॉटेज’ म्हणत. श्रीमंतांचा नम्रपणा हा असाच. मोटारी आल्या तेव्हा या मंडळींना त्यांचा धुरळा आणि गोंगाट सोसेना. वजन वापरून त्यांनी राज्याच्या विधिमंडळाकडून बेटावर मोटारबंदी करून घेतली. पण बाराही महिने तिथे राहणाऱ्या लोकांची गोष्ट वेगळी होती. पाहुण्यांना उन्हाळ्यात बग्गीतून फिरायला मजा वाटते म्हणून आपण का खोळंबावं, हा त्यांचा सवाल रास्तच होता. 1913 मध्ये बार हार्बर गावापुरती बंदी उठली आणि 1915 पर्यंत सगळं बेट मोटारींना खुलं झालं.

रॉकफेलर ज्युनिअरचं कुटुंब 1908 च्या उन्हाळ्यात बार हार्बरला होतं. त्याचा मुलगा नेल्सन, जो पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला, तो तिथेच जन्मला. दोन वर्षांनी त्यांनी बेटावरच्याच सील हार्बर गावात घर घेतलं. मोटारबंदी टिकत नाही हे दिसताच त्याने भांडत न बसता 1913 मध्ये स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे रस्ते बांधायला घेतले. त्याच्या आधीच हार्वर्ड विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट आणि उन्हाळी रहिवाशांपैकी जॉर्ज डॉर यांनी वेगळाच घाट घातला होता. लाकूडतोडीच्या तावडीतून बेट वाचवायचं म्हणून 1901 मध्ये त्यांनी विश्वस्त संस्था काढली आणि लोकांकडून जमिनी देणगी म्हणून गोळा करायला सुरुवात केली. त्या जमिनी सरकारला देऊन 1916 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, 1919 मध्ये लाफायेत राष्ट्रीय उद्यान आणि 1929 मध्ये त्याचंच नाव अकेडिया झालं. रॉकफेलरने या उद्यानाला सुमारे 11,000 एकर जमीन दिली. त्याचे रस्ते त्याच्या जमिनीवरून उद्यानात शिरले ते असे.

आता रस्त्यांच्या बांधणीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. रस्ते आखायचं शिक्षण ज्युनिअरला बापाकडून मिळालं होतं. थोरल्या रॉकफेलरला आपल्या क्लीव्हलंडजवळच्या इस्टेटीत रस्ते काढायचा नाद होता. मुलाने तो पुढे चालवला. तो स्वतः रानात हिंडून ओळ ठरवायचा, कुठलं झाड राखायचं आणि कुठून तळं दिसलं पाहिजे यावर अभियंत्यांशी तासन्‌तास खल करायचा. रस्ता साधारण 16 फूट रुंद, म्हणजे दोन बग्ग्या एकमेकींना ओलांडून जातील इतका. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम खडी, वरती बारीक खडी आणि माती, आणि सगळं रोलरने दाबून घट्ट. मध्ये उंच, कडांना उतार, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबत नाही. दोन्ही अंगांना रुंद गटारं आणि जागोजागी दगडी मोऱ्या. मेनमध्ये पाऊस आणि बर्फ दोन्ही भरपूर. तिथे खडीचा रस्ता शंभर वर्षं टिकायचा तर दगडाइतकीच पाण्याच्या वाटेची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे खडीकरण झालेला रस्ता पहिल्याच पावसात का वाहून जातो, याचं उत्तर बहुतेक वेळा गटारातच असतं.

चढाचंही तेच. घोड्यांची जोडी भरलेली गाडी ओढत खडा चढ चढू शकत नाही आणि बग्गी नेमक्या कोपऱ्यावर गर्रकन वळत नाही. म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाने सावकाश चढतो आणि वळणं मोठी, मोकळी घेतो. आज सायकलवाला न उतरता, दम राखून तळ्यापासून कड्यापर्यंत पोचतो. त्यात त्याच्या महागड्या गिअरइतकाच वाटा त्या घोड्यांच्या मर्यादांचा आहे.

या जाळ्यात दगडी पूल आहेत 17, त्यांतल्या 16 पुलांचा खर्च रॉकफेलरचा. पहिला कॉबलस्टोन ब्रिज, 1917 चा, बाहेरून गोल गोट्यांनी मढवलेला. पुढचे बहुतेक घडीव ग्रॅनाइटचे. पण दिसायला पुराणे असले तरी आतून हे पूल लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे आहेत. दगड म्हणजे वरचा पेहराव. 1925 च्या वॉटरफॉल ब्रिजवर थांबून धबधबा बघता यावा म्हणून पुलातच सज्जे काढले आहेत. दरीच्या बाजूला कठडा म्हणून ग्रॅनाइटचे ओबडधोबड ठोकळे ओळीने उभे केले आहेत. लोक त्यांना ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. बांधकामात उघड्या पडलेल्या कडा पुन्हा हिरव्या कशा करायच्या, कुठली झुडपं लावायची हे बिअट्रिक्स फरँड या उद्यानरचनाकार बाईंनी बघितलं. शोभेची रोपं न आणता त्यांनी तिथल्याच ब्लूबेरीसारख्या रानझुडपांवर भर दिला, त्यामुळे रस्ता जंगलात घुसवल्यासारखा वाटत नाही.

सगळ्यांना हे रुचलं असं मात्र नाही. उन्हाळी रहिवाशांपैकीच एक, पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जॉर्ज व्हार्टन पेपर, यांचा कडवा विरोध होता. रानाचं रानपण जाईल, आज बग्गीचा रस्ता म्हणून आलेलं उद्या मोटारीचं होईल, अशी भीती होती. 1924 मध्ये प्रकरण थेट अंतर्गत कारभार खात्याचे मंत्री ह्यूबर्ट वर्क यांच्यापुढे सुनावणीला गेलं. काम थांबलं, मग पुन्हा परवानगी मिळाली. विरोधकांची भीती अगदीच वावगी नव्हती असं मला वाटतं, कारण रस्ता एकदा झाला की तो रुंद करायला कुणी ना कुणी टपलेलंच असतं.

ते इथे झालं नाही, कारण रॉकफेलरने मोटारींनाही त्यांची जागा करून दिली. उद्यानाला मोटाररस्ता हवाच होता. डॉर आणि सरकार दोघांनाही तो हवा होता. कॅडिलॅक पर्वताच्या माथ्यापर्यंत 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रस्ता गेला. उद्यानातून फिरणाऱ्या पार्क लूप रोडला रॉकफेलरने पैसे दिले आणि त्याच्या आखणीत उद्यानरचनाकार धाकट्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडची मदत घेतली. अट एकच: दोन्ही जाळी एकमेकांत मिसळता कामा नयेत. म्हणून जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे कितीतरी ठिकाणी पूल आहे. 1933 चा स्टॅन्ली ब्रुक ब्रिज घ्या. त्याच्या मोठ्या कमानीखालून मोटारी जातात, वरून घोडे आणि सायकली. 1940 मध्ये बांधणी संपली तेव्हा एकूण सुमारे 92 किलोमीटरचं जाळं तयार होतं.

मग वाईट दिवस आले. 1947 च्या ऑक्टोबरात वणवा लागला आणि बेटाचे 17,000 एकरांहून जास्त क्षेत्र जळालं. धनिकांच्या ‘कॉटेजां’ची आख्खी रांग त्यात गेली. जळालेल्या स्प्रूस-फरसारख्या सूचिपर्णी झाडांच्या जागी बर्च, ॲस्पेन अशी पानझडी झाडं उगवली. आज ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला बॉस्टनकडची मराठी कुटुंबं चार-पाच तास गाडी हाकत जे पिवळे-केशरी रंग बघायला येतात, त्यांतले बरेच या वणव्याची देणगी आहेत.

1960 मध्ये रॉकफेलर वारला. तोवर तो रस्त्यांची निगा पदरचे पैसे खर्चून राखत होता. त्यानंतर उद्यानाचं बजेट पुरेना. गटारं गाळाने भरली, कडेची झुडपं आत आली, वरचा बारीक थर पावसात धुपून मोठे दगड उघडे पडले. नेमकी त्याच काळात माउंटन बाइक आली आणि रस्त्यांवर अचानक गर्दी वाढली. शेवटी सरकारी निधी आणि 1986 मध्ये निघालेल्या फ्रेंड्स ऑफ अकेडिया या संस्थेचा पैसा एकत्र करून 1992 ते 1995 मध्ये सगळं मूळ पद्धतीने दुरुस्त झालं. एकदाच दुरुस्ती करून सोडून दिलं असतं तर पुन्हा तीच गत झाली असती. म्हणून संस्थेने 40 लाख डॉलर्सची कायम ठेव ठेवली, तिच्या उत्पन्नातून दरवर्षी निगा होते.

सध्याचे नियम याच इतिहासातून आले आहेत. घोड्याला सगळ्यांनी वाट द्यायची. सायकलचा वेग ताशी 20 मैलांच्या आत. इलेक्ट्रिक सायकल चालते, पण पॅडल मारल्यावरच मदत करणारी, पहिल्या वर्गातली. बर्फ वितळण्याच्या काळात रस्ता ओला आणि मऊ असतो तेव्हा तो वाळेपर्यंत सगळ्यांनाच बंद, कारण एका टायरची चाकोरी पुढे पाण्याची वाट होते. आणि दक्षिणेकडचे काही किलोमीटर रस्ते उद्यानाबाहेर, खाजगी मालकीत राहिले. रॉकफेलर ज्युनिअरचा सगळ्यात धाकटा मुलगा डेव्हिड तिथे उतारवयातही घोडागाडी हाकायचा. 2015 मध्ये, वयाच्या शंभरीला, त्याने तिथली सुमारे हजार एकर जमीन एका विश्वस्त संस्थेला दिली. त्या रस्त्यांवर पायी जाता येतं, घोड्यावरून जाता येतं. सायकलला मात्र बंदी आहे.